मास्तरच्या वजनाची गोणी

मी गोणी बोलतेय. नाक मुरडू नका. गोणपाटाची असले तरी मला कान आहेत. तोंड तेवढं सुतळीनं शिवलेलं आहे, म्हणून इतके दिवस गप्प होते. आता सुतळी जरा सैल झालीये, तेवढ्यात बोलून घेते. सैल झालेली कुणाच्या लक्षात आली की पुन्हा आवळतील.

माझा जन्म तुरुंगातला. तिथल्या शिवणखात्यात मास्तरनं मला शिवलं. बाहेर होता तेव्हा त्याचं एका भागीदाराबरोबर शिवणकामाचं दुकान होतं, म्हणून आतही सगळे त्याला मास्तरच म्हणायचे. बाकीचे कैदी हातातलं दाभण कसंबसं चालवायचे, दिवस ढकलायचे. मास्तर मात्र गोणीलाही लग्नाच्या कपड्यासारखी दुहेरी शिवण घालायचा. शिवून झालं की थाप मारून म्हणायचा, "जा बाई, तू तरी बाहेर जा. पुराचं पाणी अडव."

मी गेलेही. नदीला पूर आला तेव्हा वाळूनं भरून मला काठावर रचलं. माझ्या पाठीशी एक शाळा होती. पाणी माझ्यावर धडका देत होतं आणि शाळेच्या पायरीपर्यंतही पोहोचत नव्हतं. मला तेव्हा फार मोठं झाल्यासारखं वाटलं. पूर ओसरला, वाळू ओतून टाकली, आणि दुरुस्तीसाठी मला परत तुरुंगात आणलं. माझी एक कूस फाटली होती. मास्तरनं मला लगेच ओळखलं. निळ्या कापडाचं ठिगळ लावता लावता त्यानं विचारलं, "काय गं, अडवलंस का पाणी?" त्या दिवसापासून मी त्याची झाले.

त्याचा गुन्हाही मला तिथेच कळला. दुकानावरून भांडण झालं आणि त्यानं भागीदाराच्या घराला आग लावली. भागीदार बाहेर होता. आत त्याची बायको आणि लहान मुलगी होती. दोघीही गेल्या. मास्तर म्हणायचा, "घर रिकामं आहे असं समजून लावली मी आग. देवाशपथ." खालच्या कोर्टानं त्याला फाशी सुनावली होती. वरच्या कोर्टाचा निकाल येईतोवर त्याला काम देत होते.

शिवणखात्यावर दोन शिपाई असायचे. थोरल्याला सगळे मामा म्हणत. मिशा पांढऱ्या, तोंड फाटकं, पण मनात काही ठेवायचे नाहीत. धाकट्याला सगळे वकील म्हणत, कारण तो बोलायला लागला की समोरचा गार. चहाचा पेला हातात आला की दोघांची जुंपायची, आणि तीही मास्तरच्या देखत.

"माझ्या हातात असतं तर ह्याला कधीच लटकवला असता," मामा म्हणायचे. "त्या भागीदाराचं घर बसलं रे. बायको गेली, पोर गेली. त्याला जाऊन सांग तुझी दयामाया."

"ह्यांना लटकवून ती पोर परत येणार आहे का, मामा?"

"ती नाही येणार. पण दुसऱ्या कुणाच्या घराला काडी लावताना माणूस दहादा विचार करेल. भीती नको?"

"फाशी काय काल निघालीय? भीती बसली असती तर मास्तर इथं आलेच नसते. आणि उद्या कोर्टाची चूक कळली तर? तुरुंगाचं कुलूप उघडता येतं. मेलेल्याला कोण उठवणार?"

"तुझ्या पोरीला कुणी जाळलं असतं म्हणजे बोलला असतास असं?"

"मी त्याचा गळा धरला असता," वकील म्हणाला. "म्हणूनच न्याय माझ्या हातात द्यायचा नाही. सरकारनं माझ्यासारखं डोकं फिरवून घ्यायचं नाही, मामा."

काय बोलायचा हो! मी तर भारावून जायचे. मामा मात्र हरल्यावरही एक वाक्य टाकायचेच. "ते सगळं ठीक. घर रिकामं समजून आग लावली, मग बाहेरून कडी कुणी घातली?" यावर मास्तर खाली मान घालून दाभण चालवत राही. मला मामांचा राग यायचा. दुखऱ्या जागेवर बोट ठेवायची खोडच त्यांची, असं मी म्हणायचे.

वरच्या कोर्टानं फाशी कायम केली. त्या दिवशी मास्तरला दाभणात सुतळी ओवता येईना. वकिलानं ती ओवून दिली आणि म्हणाला, "मास्तर, दयेचा अर्ज आहे अजून. आणि तशी वेळ आलीच, तर माझा हात फाशीच्या खटक्याला लागणार नाही. नोकरी गेली तरी बेहत्तर."

मास्तरनं त्याचे दोन्ही हात धरले. "साहेब, मरणाचं मी बघून घेईन. पण तुम्ही तिथं नसाल एवढा शब्द द्या. ओळखीच्या माणसाच्या हातून नको."

"दिला," वकील म्हणाला. मी साक्षीला होते.

मास्तरला वेगळ्या कोठडीत हलवलं आणि माझी रवानगी गोदामात झाली. दयेचा अर्ज फेटाळला गेला हे मला तुरुंगाच्या मोठ्या साहेबांच्या तोंडून कळलं. ते वकिलाला घेऊन दोर बघायला आले होते. फाशी द्यायला जो माणूस बाहेरून यायचा तो आजारी पडला होता.

"खटका तुम्ही ओढा," साहेब म्हणाले.

"साहेब, माझी मतं तुम्हाला माहीत आहेत."

"मतं घरी ठेवा. खटका काय मतानं ओढतात?" साहेबांनी दोर हाताला गुंडाळून पाहिला. "तुमची बायको, मुलगी अजून गावीच ना? बदलीचा अर्ज माझ्याकडेच पडलाय. मुलगी ओळखते का तरी तुम्हाला?"

मी वाट पाहत होते. आता उत्तर देईल, आता बोलेल. एवढा बोलका माणूस! शेवटी तो म्हणाला, "कधीपर्यंत होईल बदली?"

लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

फाशीच्या आदल्या दिवशी तख्ता नीट चालतो का ते बघायचं असतं. त्यासाठी त्या माणसाच्या वजनाचं काहीतरी टांगून खाली सोडतात. वकील गोदामात आला, गोण्यांच्या शिवणी ओढून ओढून पाहू लागला आणि माझ्यापाशी थांबला. "ही घ्या. हिची शिवण पक्की आहे, फाटायची नाही." शिवण कुणाची ते त्याला चांगलं माहीत होतं. निळ्या ठिगळावर त्याचा अंगठा क्षणभर थबकला होता.

मास्तरला वजनकाट्यावर उभं केलं. "माझं वजन कशाला?" त्यानं विचारलं. "डॉक्टरांना लागतं," वकील म्हणाला. मग त्याच काट्यावर मला ठेवलं. थोडी वाळू घातली, थोडी काढली, पुन्हा ओंजळभर घातली. काटा मास्तरच्या वजनावर आला तेव्हा माझं तोंड शिवून टाकलं.

दुपारी माझ्या गळ्यात दोर घातला. पायाखालच्या फळ्या गेल्या आणि मी कोसळले. पुराच्या धडका मी हसत घेतल्या होत्या. हा धक्का तसा नव्हता. मला वाचवायला घडवलं होतं हो, हे शिकवून नव्हतं पाठवलं.

तख्त्याला लागूनच मास्तरची कोठडी होती. मला ओढत बाहेर काढलं आणि तिच्या भिंतीशी ठेवलं. आतून आवाज आला, "वकीलसाहेब, काय पडलं हो एवढ्यानं?"

"काही नाही. गोणी पडली."

मास्तरनं विचारलं, "फाटली नाही ना?"

"नाही."

"मग माझ्या हातची असणार," मास्तर म्हणाला, आणि खुशीनं हसला. वकील मान खाली घालून निघून गेला. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच, मला त्या दुपारी कळलं.

दुसऱ्या दिवशी उजाडताना मास्तरला आणलं. मला तिथल्याच कोपऱ्यात टाकून सगळे विसरले होते. फाशी व्हायलाच हवी म्हणणाऱ्या मामांचा हात त्याच्या पाठीवर होता. मास्तरला आधी माझं निळं ठिगळ दिसलं, मग माझ्या गळ्यावरचा दोराचा वळ. मग त्याची नजर खटक्याकडे गेली. तिथं वकील उभा होता.

"तुम्ही शब्द दिला होता," मास्तर म्हणाला. मोठ्यानं नाही, भांडणाच्या सुरातही नाही.

वकिलानं तोंड फिरवलं. मास्तर पुढे पाऊल टाकेना. मामांनी त्याला सावरलं. "मी आहे मास्तर. चला."

मास्तर त्यांच्याकडे वळला. मग म्हणाला, "मामा, कडी मीच घातली होती. आत दिवा दिसत होता मला."

मला वाटलं, आता मामा ह्याला ढकलून देतील. पण त्यांनी पाठीवरचा हात काढला नाही. तख्त्यापर्यंत तो तसाच होता.

आणि माझं काय? वकिलानं मास्तरला फसवलं, तसं मास्तरनं मला फसवलं होतं. दाभण चालवता चालवता इतके दिवस तो खोटं बोलला, आणि मी त्याच्या बाजूनं मामांचा राग राग केला. त्या लहान मुलीचा मी एकदाही विचार केला नव्हता. तरी वकिलानं खटका ओढला आणि त्याच्या पायाखालच्या फळ्या पडल्या तेव्हा मीच आतल्या आत किंचाळले. खोटारडा होता, खुनी होता, तरी तो मरायला नको होता असं मला वाटलं. आणि ते वाटल्याची त्या पोरीपुढे लाजही वाटली. आता फाशी हवी की नको हे मला विचारू नका. दोन्हीकडून बोलणारे मी ऐकलेत.

वकिलाची बदली झाली. जायच्या दिवशी गोदामाच्या किल्ल्या द्यायला आला होता. चहा पिता पिता गोदामवाल्याला सांगत होता, फाशी म्हणजे नुसता रानटीपणा, बंद व्हायला पाहिजे. मुद्दे सगळे तेच आणि आवाजही तसाच. गोदामवाला भारावून ऐकत होता. वकिलाची पाठ माझ्याकडे होती. माझ्याकडे त्यानं पाहिलं नाही.

मला अजून कुणी उसवलेलं नाही. पुढच्या कैद्याच्या वेळी उपयोगी पडेल, वाळू थोडी कमीजास्त केली की झालं, असं साहेब म्हणाले. म्हणून मी भरलेलीच भिंतीशी उभी आहे. येणारेजाणारे मला टेकून विडी ओढतात.

तुमच्यापैकी कुणी इकडे आलं, तर एवढं करा. सुतळी कापा आणि वाळू कुठेही ओता, अंगणात, रस्त्यात, कुठेही. मला निर्णय नको, न्याय नको. तो माणूस मी मनातून काढू पाहते, आणि माझं वजन अजून त्याच्याएवढंच आहे.