विल्फ ॲक्रॉइड पास दाखवत नाहीत

"नाव?" जॅनिसने विचारलं.

"आता माझं नावही सांगायला हवं?" विल्फ म्हणाले. "तुझ्या जन्मदाखल्यावर आहे की, बघ."

"नाव सांगा, मिस्टर ॲक्रॉइड. मागे लोक उभे आहेत."

सकाळचे सात वाजून दोन मिनिटं झाली होती. मेथडिस्ट चर्चच्या हॉलमध्ये आमचं मतदान केंद्र. जॅनिस केंद्राध्यक्ष आणि मी तिची मदतनीस, यादीत नाव शोधून रेघ मारणारी. नाव विचारणं खरं तर माझं काम. पण दारातून स्वतःचे वडील येताना दिसले तशी तिने यादी माझ्यापुढून ओढून घेतली. मी पाघळेन हे तिला ठाऊक होतं. तीस वर्षं मी शाळेच्या जेवणघरात वाढप केलंय, पोरांना दुसऱ्यांदा पुडिंग वाढू नका असा नियम असताना वाढलंय. माझी ख्याती गावभर आहे.

"विल्फ्रेड ॲक्रॉइड," ते म्हणाले. "सोळा, टॅनरी लेन."

"फोटो असलेलं ओळखपत्र?"

"आहे."

"दाखवा."

"नाही दाखवणार."

मागे रांगेत तिघं होती. बेकरीवाला होता, त्याचा कुत्रा होता, आणि रात्रपाळी संपवून आलेली एक नर्स होती. कुत्रा सोडून सगळ्यांनी माना वर केल्या.

नियम नवा होता. इतकी वर्षं आमच्याकडे नाव आणि पत्ता सांगितला की मतपत्रिका हातात पडायची. माणसाच्या शब्दावर काम चालायचं. त्या वर्षी पहिल्यांदाच फोटो दाखवा म्हणून कायदा आला. पासपोर्ट चालेल, गाडीचा परवाना चालेल, म्हाताऱ्यांचा बसचा फुकट पासही चालेल. तरुण पोरांचा रेल्वेचा पास मात्र चालणार नाही. हे ज्याने ठरवलं त्याला एकदा माझ्या जेवणघरात आणून रांग सांभाळायला लावायला हवं होतं. असो.

विल्फ त्र्याण्णव वर्षांचे. चाळीस वर्षं या गावात टपाल वाटलं. एकोणीसशे एक्कावन्न साली पहिलं मत दिलं, तेव्हापासून एकही निवडणूक चुकवली नाही, आणि दर खेपेला केंद्रात शिरणारा पहिला माणूस तेच. यंदाची तर नुसती नगर परिषदेची निवडणूक, गटारं आणि कचऱ्याचे डबे. तरी निळा टाय, चकचकीत बूट. हिवाळ्यात न्यूमोनियाने दोन महिने अंथरुणाला खिळले होते, कॉलर गळ्याभोवती सैल झाली होती. आम्हा सगळ्यांना मनातून वाटत होतं की पुढच्या खेपेला हे असतील की नाही कोण जाणे. तोंडाने कुणी म्हटलं नव्हतं.

"बस पास तुमच्या वरच्या खिशात आहे," जॅनिस म्हणाली. "मला दिसतोय."

"बसमध्ये चढताना दाखवतो. बस कंपनीची आहे, तिने विचारावं. मत माझं आहे. माझ्याच गावात, माझ्याच मतासाठी मी कागद दाखवू? लढाईच्या वेळी ओळखीचं कार्ड दिलं होतं सरकारने. ठीक, लढाई होती. लढाई संपून सहा वर्षं झाली तरी ज्याच्याबरोबर मी गोट्या खेळलो तो हवालदार मला रस्त्यात अडवून म्हणायचा, विल्फ, कार्ड दाखव. बावन्न साली ते रद्द झालं त्या दिवशी मी माझं कालव्यात फेकलं. पुन्हा दाखवायचं नाही म्हणून फेकलं."

"राजाला तरी दाखवाल का?" बेकरीवाल्याने मागून विचारलं. दोन दिवसांनी राज्याभिषेक होता, त्या दिवशीच्या मेजवानीसाठी हॉलभर झेंड्यांच्या माळा लावून ठेवल्या होत्या.

"राजा हवा मला. शनिवारी त्याच्या नावाने सँडविच खायला येणारच आहे. पण त्यानेही मला कागद मागायचा नाही."

मी जॅनिसच्या कानाशी लागले. "अगं, दे ना त्यांना. सबंध गाव ओळखतं. बेकरीवाला काय कुत्रासुद्धा साक्ष देईल."

ती माझ्याकडे वळलीसुद्धा नाही. "ओळखपत्र दाखवल्याशिवाय मला मतपत्रिका देता येत नाही, मिस्टर ॲक्रॉइड. रात्री दहापर्यंत केव्हाही परत येऊ शकता." तिचा आवाज अगदी नेहमीसारखा होता. मग तिने वेगळा कागद ओढला आणि नाकारलेल्यांच्या यादीत आपल्या वडिलांचं नाव लिहिलं. सुवाच्य अक्षरात, आडनावासकट. ते उभे राहून बघत होते.

"स्पेलिंग बरोबर आहे," ते म्हणाले आणि वळून बाहेर गेले.

मला तिचा भयंकर राग आला. दगड आहे ही बाई, असं मनात आलं. टपालाने मत पाठवायची सोय आहे, त्याला फोटो लागत नाही. तो अर्ज तिने दोन महिन्यांपूर्वी त्यांच्यापुढे ठेवला होता, हे मला माहीत होतं. त्यावर विल्फ म्हणाले होते, चाळीस वर्षं लोकांच्या दारापर्यंत चालत गेलो, मताच्या दारापर्यंत चालत जायला मला काय धाड भरलीय. म्हणजे तिने काही करायचं बाकी ठेवलं नव्हतं. पण राग हिशेब बघून येत नाही.

विल्फ घरी गेले नाहीत. फाटकाबाहेर बाक आहे, त्यावर जाऊन बसले. मला वाटलं, आता येणाऱ्या-जाणाऱ्याला नियमाविरुद्ध भाषणं देणार, आणि जॅनिसला पोलिस बोलवावा लागणार. साडेआठच्या सुमाराला खिडकीतून आवाज ऐकू आला तशी मी कान टवकारले.

"ए, थांब. कार्ड आणलंस?"

"कसलं कार्ड?" गॅरेजमधला तो उंच मेकॅनिक होता, कामाच्या कपड्यांत.

"फोटोचं. आत ती बसलीय ना, ती भारी कडक आहे. सख्ख्या बापाला सोडलं नाही तिने. जा, परवाना घेऊन ये. कामावर उशीर होईल म्हणून टाळू नकोस, मी बघतोय."

मेकॅनिक गेला आणि दहा मिनिटांत परवाना घेऊन आला. मग दिवसभर तेच चाललं. टपालवाल्याला प्रत्येक घर पाठ. कुणाचा पासपोर्ट कुठल्या खणात असेल इथपर्यंत सांगत होते म्हातारबुवा. मिसेस ऑल्डरॉइड पर्स विसरली तर तिला बाकावर बसवून तिच्या नवऱ्याला फोन करायला लावला. दुपारपर्यंत शेजारच्या केंद्राने सात जणांना परत पाठवल्याचं कळलं. आमच्याकडे यादीत एकच नाव होतं.

चार वाजता चहाची सुट्टी मिळाली. मी दोन कप घेऊन बाहेर गेले. कुणीतरी त्यांच्या गुडघ्यांवर शाल टाकली होती, हातात हॅमचं सँडविच दिलं होतं.

"विल्फ, एक विचारू का? तुम्हाला पटत नाही तो नियम, मग लोकांना कशाला पाठवता घरी?"

"त्यांची मतं का वाया घालवू? नकार माझा आहे पोरी, त्यांचा नाही."

"जॅनिस जरा वाकली असती तर काय बिघडलं असतं? मी सांगत होते तिला."

त्यांनी कप बाकावर ठेवला. "ऐकलं मी. बहिरा नाही झालो अजून. तिने जर मला ती पत्रिका दिली असती ना डोरीन, तर मी तिथून थेट नगर परिषदेत जाऊन तिची तक्रार केली असती. बाप म्हणून एकाला सोडलं की उद्या नवरा म्हणून, परवा पक्षाचा म्हणून. मग ती पेटी कशाला, टोपलीत टाका मतं." त्यांनी कप परत उचलून संपवला. "काय सरळ बसली होती पण. हात नाही कापला लिहिताना. तिची आई असती तर आज गल्लीभर सांगत फिरली असती."

सकाळपासून मी जिला दगड म्हणत होते तिच्याबद्दल हा माणूस छाती फुगवून बोलत होता. मी रिकामे कप उचलले.

साडेसातला जरा सामसूम झाली. ऊन अजून खिडकीत होतं, मे महिन्यात आमच्याकडे सूर्य उशिरा मावळतो. मी यादी चाळत होते, आमच्याच गल्लीच्या पानावर आले. जॅनिसही याच केंद्राची मतदार. तिच्या नावावर रेघ नव्हती.

"तुझं राहिलंय," मी म्हटलं. "ये इकडे, मोकळं आहे तोवर उरकून घे."

"मी नाही देणार या वेळी."

"म्हणजे काय?"

"बाबांना देता आलं नाही. ते मीच थांबवलं, आणि बरोबर थांबवलं. पुन्हा वेळ आली तरी तेच करीन." ती पेन्सिलींना टोक काढत होती, एकाच पेन्सिलीला तीनदा. "पण त्यांना बाहेर बसवून मी माझं मत टाकू? हात उचलणार नाही माझा. नियमात कुठे लिहिलेलं नाही की दिलंच पाहिजे."

मी बाथरूमला जाते म्हणून उठले आणि सरळ फाटकाबाहेर गेले. बाकावर बसलेल्या विल्फना सगळं जसंच्या तसं सांगितलं. चोंबडेपणा म्हणा हवं तर. ते ऐकून घेत होते, आणि बघता बघता त्यांचा चेहरा लालबुंद झाला.

"मूर्ख पोरगी. अठराव्या वर्षापासून एकही चुकवलं नाही तिने. पहिल्यांदा मीच घेऊन आलो होतो इथे. नवी टोपी घातली होती तिने."

"मत दे म्हणून सांगितलं मी तिला."

"काय म्हणाली?"

"तुमची मुलगी आहे ती, विल्फ. काय म्हणणार?"

दोन माणसं मत देऊन बाहेर पडली, त्यांना विल्फनी रोजच्यासारखं अभिवादनही केलं नाही. मग ते काठी टेकून उठले. मी हात पुढे केला तो त्यांनी बाजूला सारला.

हॉलमध्ये शिरून ते टेबलासमोर उभे राहिले. मी धावत माझ्या खुर्चीत. जॅनिसने मान वर केली.

"विल्फ्रेड ॲक्रॉइड. सोळा, टॅनरी लेन." त्यांनी वरच्या खिशातून पास काढला, पण हातातच धरून ठेवला. "हा मी माझ्या मुलीला दाखवतोय. सरकारला नाही."

झालं, सुटलो, असं मला वाटलं. देवाने म्हाताऱ्याला वाट काढून दिली. पण जॅनिस ताठ बसली.

"इथे मुलगी कुणी नाही, मिस्टर ॲक्रॉइड. इथे केंद्राध्यक्ष आहे. तिला दाखवायचा असेल तर दाखवा."

बापलेक एकमेकांकडे बघत राहिले. दोघांची नाकं सारखी, हनुवट्या सारख्या. मग विल्फनी पास टेबलावर ठेवला, अगदी सावकाश, तिच्या बाजूला सुलटा करून.

"बरं, मॅडम," ते म्हणाले.

नियम असा की आधी फोटो बघायचा, मग चेहरा बघायचा, आणि दोन्ही एकच असल्याची खात्री करायची. सकाळपासून तिने ते चारशे वेळा केलं होतं, प्रत्येकी दोन सेकंद. आता तिने पास उचलला. फोटो बारा-तेरा वर्षांपूर्वीचा असणार, तेव्हा तिची आई होती. गाल भरलेले, डोक्यावर केस. तिने फोटो बघितला आणि मान वर करून वडिलांकडे बघितलं. गाल बसलेले, कॉलर सैल, पापण्या पातळ झालेल्या. दोन सेकंद झाले, पाच झाले, दहा झाले. घरी रोज भेटणारी माणसं एकमेकांकडे असं कुठे बघतात? ती बघत होती, आणि ते हलले नाहीत, बघू दिलं त्यांनी.

"ओळख पटली," ती म्हणाली. "डोरीन, पत्रिका द्या."

विल्फ आडोशामागे गेले, बाहेर आले, घडी घातलेली पत्रिका पेटीत टाकली आणि पेटीवर दोनदा बोटं वाजवली. नाकारलेल्यांच्या यादीत त्यांच्या नावापुढे जॅनिसने लिहिलं, नंतर परत आले. मग ती उठली, टेबलाला वळसा घालून माझ्या समोर येऊन उभी राहिली. पर्समधून गाडीचा परवाना काढून पुढे धरला.

मी ओळखते तिला ती चालायला लागली तेव्हापासून. पण मी विचारलं, "नाव?"

तिने नाव सांगितलं, पत्ता सांगितला. मी फोटो बघितला, मग चेहरा बघितला. फोटोतली बाई रडत नव्हती. पण ओळख पटली, आणि मी तिच्या हातात पत्रिका दिली.