चांदरीचा बिल्ला

चांदरी शेळी साथीत मेली, तेव्हा कलाबाईने तिच्या कानातला सरकारी नंबराचा पिवळा बिल्ला काढून ठेवला आणि पुढे नव्या करडाच्या गळ्यात दोऱ्याने बांधला. गेलेल्या जनावराची घंटा नव्याच्या गळ्यात घालायची, ही त्यांच्या घरची खानदेशातली रीत. चांदरीला घंटा नव्हती, बिल्लाच होता. तेव्हापासून करडू 'चांदरी' म्हटलं की ओ द्यायचं, अगदी चांदरीच्याच घोगऱ्या आवाजात.

यंदा पुन्हा साथ आली. पशुवैद्यकीय महाविद्यालयाने त्यांच्या वस्तीत, गोडादऱ्यात, लसीचं शिबिर लावलं. तिथल्या डॉक्टरणीने बिल्ल्यावरचा नंबर मोबाइलमध्ये टाकला आणि नोंद पाहून ती हसली.

"मासी, ही तर गेल्या वर्षीच मेली! मेलेल्या बकरीला सुई टोचू का?"

"माय, तिनी आठवण शे ती."

"मग आठवण काढून ठेवा. हिला नवा बिल्ला, मग लस."

करडू जगायला हवं होतं. कलाबाईने दोरा तोडून बिल्ला मुठीत घेतला. करडाचा कान टोचला, लस झाली.

घरी आल्यावर तिने सवयीने हाक मारली, "चांदरी!"

करडू पाला खात राहिलं. त्याने मान वर केली नाही.

पलीकडच्या, मेलेल्या चांदरीच्या रिकाम्या खुंट्यापाशी घोगरी ओ उमटली.

कलाबाईने मूठ उघडली. बिल्ला कोमट होता, आत्ताच कानातून काढल्यासारखा.