महाराजांचं पंचामृत

करंजाड्यातल्या एका सोसायटीच्या हॉलबाहेर चपलांचा ढीग लागला होता आणि आत शिवराम महाराज लोकांची शुगर उतरवत होते. तीही सगळ्यांसमक्ष, मशीन लावून. आधी भक्ताचं बोट टोचून आकडा वाचायचा, मग घंगाळातल्या तीर्थात त्याचा हात बुडवून मंत्र, मग हात पुसून पुन्हा बोट टोचायचं. आकडा धाडकन खाली आलेला असे आणि लोक टाळ्या वाजवत.

"पॅन्क्रियाज झोपलंय तुमचं," महाराज माइकवरून समजावत. "त्याला फक्त रीस्टार्ट मारायचाय. डॉक्टर मारत नाय, त्याचं दुकान बंद होईल ना."

अरुणा भिंतीला टेकून बसली होती. तिला विश्वासही वाटत नव्हता आणि रागही येत नव्हता. सोनलला टाइप वन डायबिटिस निघाल्यापासून रोज लेकीच्या पोटाला इन्सुलिनचं पेन लावून लावून ती आतून बधिर झाली होती. नवऱ्याला, सुभाषला, ते बघवतच नसे. ऐरोलीहून निघतानाच त्याने ठरवलं होतं, आज आकडा उतरला की सुया बंद.

सोनलचा नंबर लागला. आधी तीनशे दहा, तीर्थानंतर एकशे चाळीस. सुभाष रडायलाच लागला. आता सुई घेणं म्हणजे देवावर अविश्वास, असं महाराजांनी बजावलं. सुभाषने अरुणाच्या पर्समधलं पेन काढून त्यांच्या पायाशी ठेवलं.

ते पेन तिथे पाहून अरुणाला भीती वाटली. कित्येक महिन्यांनी तिला काहीतरी वाटलं होतं. इन्सुलिनशिवाय काय होतं ते तिने पाहिलं होतं. आजार कळला तेव्हा पोर उलट्या करत, धापा टाकत आयसीयूत गेली होती.

घरी सोनलचा हात धुतल्याशिवाय ती तिचं बोट कधी टोचत नसे. इथे मात्र दारातच प्रत्येकाच्या तळहातावर चमचाभर पंचामृत पडत होतं. ते प्यायचं, मग तोच ओला हात डोक्यावरून फिरवायचा. प्रसादाचा हात कोण नळाखाली धुतो? आणि महाराजांच्या पंचामृतात मध सढळ होता.

अरुणा उठली, पर्समधलं स्वतःचं मशीन काढलं आणि सुभाषचा चिकट हात धरला. परवाच्या ऑफिसच्या तपासणीत त्याची शुगर नॉर्मल आली होती. तिने बोट टोचलं. तीनशे साठ. तिने आकडा सगळ्यांना दाखवला. मग तिने बाटलीतल्या साध्या पाण्याने तेच बोट धुतलं, रुमालाने कोरडं केलं आणि पुन्हा टोचलं. पंच्याण्णव.

"मी मंत्र म्हटला नाय," ती म्हणाली. आवाज सपाट होता. "बोटाला मध असला की मशीन रक्ताबरोबर त्याची पण साखर मोजतं. घंगाळात मध धुतला जातो, आजार नाय. आणि माझ्या मुलीचे एकशे चाळीस आले ते सकाळी मी दिलेल्या इन्सुलिनने."

महाराज श्रद्धेबद्दल काहीतरी बोलू लागले. पण लोक आपापले तळहात हुंगून बघत होते, दोघंतिघं बेसिनकडेही गेले. अरुणाने पेन उचललं. सुभाषने तिला अडवलं नाही.

रिक्षात सोनलने विचारलं, "मग मी बरी नाय झाले?"

"नाही," अरुणा म्हणाली. तिला रडायला हवं होतं, पण रडू येत नव्हतं. "तुझं शरीर इन्सुलिन बनवत नाही, म्हणून आपण ते बाहेरून द्यायचं. रोज. दिलं की तू खेळशील, शिकशील, मोठी होशील. कुणी काही दाखवलं तर हात जोडायच्या आधी हात धुवायचे आणि पुन्हा मोजायचं."

सोनलने मान हलवली. संध्याकाळी जेवणाआधी अरुणाने पेन काढलं, तेव्हा सुभाष उठून दुसऱ्या खोलीत गेला नाही. तो लेकीशेजारी बसला आणि म्हणाला, "मला शिकव."