राहेलची लाइन

“गेलं! पुन्हा गेलं!”

बाहेरच्या खोलीत जेसिकाने टेबलावर तळहात आपटला. स्वयंपाकघरात चहा गाळत असलेल्या तिच्या वडिलांनी पातेलं तसंच ओट्यावर टेकवलं आणि हातातल्या गाळणीसकट ते आतल्या खोलीत पळाले. लेकीचं नेट गेलं की या माणसाला दुसरं काही सुचत नसे.

एबनेझर साळवे. शिरूरची सगळी आळी त्यांना साळवेमामा म्हणते. उभी नोकरी पाणीपुरवठ्यात व्हॉल्व्हमन म्हणून गेली. कुठल्या गल्लीचं पाणी कधी सोडायचं हे त्यांच्या हातातली लोखंडी चावी ठरवायची, आणि त्या चावीपायी भल्याभल्यांनी त्यांना बोलावून चहा पाजलेला. बायको राहेल गेल्या वर्षी किडनीच्या आजाराने गेली. एकुलती एक लेक पुण्याच्या कंपनीत नोकरीला. वडील एकटे पडू नयेत म्हणून तिने घरून काम करायची परवानगी काढली आणि चर्चमागच्या त्यांच्या घरी येऊन राहिली. आता ती परवानगीच जायची वेळ आली होती.

टीम लीड महेंद्रचा फोन आलाच.

“जेसिका, आज तिसऱ्यांदा व्हीपीएन तुटलंय तुझं, तेही क्लायंटसमोर. वरचे विचारतायत, हिला ऑफिसला का बोलवत नाही?”

“नेट चालू आहे रे. राउटरची केबल थेट लॅपटॉपला लावलीय. व्हीपीएनच तुटतंय.”

“मग रूट बघ, लॅपटॉप कुठल्या वाटेने बाहेर जातोय ते. लिनक्स आहे ना? लॉग काढ. मधेच दुसरं काहीतरी घुसत असणार.”

व्हीपीएन म्हणजे घरापासून ऑफिसपर्यंत टाकलेला बंद पाइप. सगळं काम त्यातूनच जायचं. लॅपटॉपने बाहेर पडायची वाट मधेच बदलली की तो पाइप निखळतो, नेट मात्र ठणठणीत दिसत राहतं. जेसिका इतके दिवस केबलवाल्याला शिव्या घालत होती. तो बिचारा राउटरसुद्धा बदलून गेला.

तिने लॉग, म्हणजे मशीनने ठेवलेल्या नोंदी, काढल्या. दर वेळी तीच गोष्ट. केबल नीट चालू असताना लॅपटॉपचं वायफाय जागं होत होतं, एक जुनं, ओळखीचं नेटवर्क पकडत होतं आणि सगळी वाट तिकडे वळवत होतं. कारण त्या नेटवर्कला पहिला नंबर होता. लॉकडाऊनमध्ये ती इथूनच काम करायची आणि केबलच्या नेटचा भरवसा नव्हता, तेव्हा तो नंबर तिनेच दिला होता.

नेटवर्कचं नाव तिने दोनदा वाचलं. राहेल साळवे.

मम्मीचा फोन तर कपाटात होता. बंद करून ठेवलेला.

ती आतल्या खोलीत गेली. साळवेमामा खिडकीला चिकटून उभे होते. एका हातात गाळणी, दुसऱ्या हातात गजाशी उंच धरलेला राहेलचा फोन.

“पप्पा, काय करताय?”

“थांब, थांब, आत्ता येतंय बघ नेट. हितंच रेंज घावती. तुझी मम्मी हितंच धरायची.”

“हा फोन कधी चालू केलात?”

“मागल्या पंधरवड्यात रस्ता खणताना त्या जेसीबीनं केबल तोडली न्हाई का, तवा. तू वरडलीस आन् मला एकदम आठवलं. दवाखान्यात शेवटाला म्हणली होती ती, पोरगी कामाला बसली की माझ्या फोनचं हाटस्पाट लावत जा, इसरू नका.” त्यांनी फोन आणखी वर धरला. “आन् मी इसरलोच. वरीसभर इसरलो बघ. आता तू बसलीस की लावतो. गेलं म्हणलीस की बंद करून परत लावतो. दोन लायनी चालू असल्या म्हंजी पाणी तुटत न्हाई.”

तुमच्यामुळेच तुटतंय पप्पा, हे वाक्य जेसिकाच्या ओठांवर आलं होतं. पण गावाला पाणी पोचवलेला हा माणूस हात दुखेपर्यंत लेकीला नेट पोचवत उभा होता. तिला ते बोलवेना. रडू आलं, तेही तिने गिळलं.

“बरं केलंत लावलंत ते,” ती म्हणाली. “चला, चहा निवला असेल.”

लॅपटॉपवर ते नेटवर्क कायमचं विसरण्याचं बटण होतं. तिचं बोट त्यावर थबकलं. मग तिने फक्त पहिला नंबर काढून केबलला दिला आणि राहेल साळवे हे नाव यादीत खाली राहू दिलं.

त्यानंतर व्हीपीएन एकदाही तुटलं नाही. मामा मधून मधून आतून विचारत, “हाय ना गं?” आणि ती म्हणे, “आहे, पप्पा.”

संध्याकाळी महेंद्रने विचारलं, “काय केलंस? एकदम स्टेबल चाललंय.”

“माझ्याच मशीनचं एक सेटिंग चुकलं होतं.”

“तेच तर.” तो अडखळला. “वरचे म्हणतात, ऑफिसात असती तर पहिल्याच दिवशी सापडलं असतं. सोमवारपासून खराडीच्या ऑफिसला यायचंय तुला. घरून काम बंद. मी भांडलो गं, पण क्लायंटचा मेल आलाय.”

“आता नाही तुटणार रे. पप्पा एकटे आहेत इथे.”

पण वरच्यांचं ठरलं होतं. तिची शिफ्ट आणि नगर रोडचं ट्रॅफिक बघता रोजची ये-जा शक्यच नव्हती. तिकडेच राहावं लागणार होतं.

मामांनी सगळं ऐकून घेतलं. खांद्यावरच्या टॉवेलने उगीचच हात पुसले.

“म्हंजी माझं कमीच पडलं.”

“नाही हो, पप्पा.”

“न्हाई, रेंजच कमी हाय हितं. तिला जमायचं. मला न्हाई जमलं.”

जेसिकाने त्यांचा हात धरला. खरं सांगितलं असतं तर ते याहून मोडले असते, म्हणून ती नुसती रडली.

रविवारी उपासना आटोपून ते तिला एसटी स्टँडवर सोडायला आले. गाडी लागली तेव्हा त्यांनी राहेलच्या रुमालात बांधलेलं काहीतरी तिच्या हातात दिलं.

“ह्यो ने. चार्ज केलाय, रिचार्जबी मारलाय, हाटस्पाट चालूच ठेवलंय. तिकडं नेट गेलं तर मी न्हाई पळायला.”

“पप्पा, तुमच्याजवळ राहू द्या ना. मम्मीचा आहे.”

“मला कुठं ऑफिसला जोडायचंय?”

कोरेगाव भीमाला गाडी ट्रॅफिकमध्ये अडकली. महेंद्रचा मेल बघायला तिने मांडीवर लॅपटॉप उघडला. इथे केबल नव्हती. लॅपटॉपने थोडा वेळ शोधलं आणि ओळखीचं एकच नाव सापडलं, त्याला तो आपोआप जोडला गेला.

तेवढ्यात रुमालातला फोन वाजला. मम्मीने जसं सेव्ह केलं होतं तसंच नाव स्क्रीनवर आलं. जेसिकाचे पप्पा.

“नेट हाय का?”

“आहे, पप्पा.” तिची नजर लॅपटॉपवरच्या त्या नावावर गेली. “फुल आहे.”

“मग ठेवतो. उगंच लाइन अडकायची.”

ती काही बोलायच्या आत त्यांनी फोन ठेवून दिला.