यावलची गाडी

"एक दाबा नहीतं दोन दाबा, आबा," म्हणत सुकदेवने कीबोर्ड वडिलांच्या डाव्या हाताखाली सरकवला.

काळ्या पडद्यावर हिरवी इंग्रजी अक्षरं होती, भाषा मात्र घरचीच, अहिराणी. सुकदेव ती मोठ्याने वाचून दाखवी. गाडी जळगाव स्टँडवरून यावलला निघाली आहे. भुसावळवरून न्यायची असेल तर एक, विदगावच्या पुलावरून न्यायची असेल तर दोन.

रुपचंद आबांचा जन्म सोनगीरचा, पण सारी नोकरी जळगाव डेपोत गेली. एसटीचं चाक हातात असेपर्यंत त्यांना कधी कोणाला काही विचारावं लागलं नव्हतं. मग अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली. बायको आधीच वारली होती. जळगावातल्याच मेहरूणच्या दोन खोल्यांत ते आणि धाकटा सुकदेव, एवढेच राहिले. सुकदेव कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायचा. डॉक्टर म्हणाले, यांचं डोकं कशात तरी गुंतवा. म्हणून त्याने क्लासच्या मालकांकडून एक जुना कॉम्प्युटर मागून आणला आणि आबांसाठी हा खेळ लिहिला.

आबांनी दोन दाबलं. वाटेत म्हैस आडवी आली, हॉर्न वाजला, गाडी यावलला पोचली. पडद्यावर शाबासकी उमटली. आबा खुश झाले. आठवडाभर संध्याकाळी हाच उद्योग चालला. मग एके दिवशी त्यांनी बोट उचललं आणि हात मांडीवर ठेवून दिला.

"काय व्हयनं, आबा?"

आबा शब्द जुळवत राहिले. "विदगावहून गई तरी यावल, भुसावळहून गई तरी यावल. मंग माले कसाले इचारस?"

"तुम्हनं मन रमाले पाहिजे म्हनीसन."

"मी काय पोऱ्या शे?"

वर्गात मुलांना सुकदेव सांगायचा, खेळणाऱ्याला चुकायची मुभा पाहिजे. स्वतःच्या बापाला मात्र त्याने ती दिली नव्हती. आबा हरले तर खचतील, याचीच भीती त्याला होती.

त्याने खेळ नव्याने लिहायला घेतला. या वेळी पाऊस होता, रस्त्यातल्या फरशी पुलावरून नाल्याचं पाणी चाललं होतं आणि गाडीत झुंबरबाई नावाची बाळंतपणात अडलेली बाई होती. गाडी पाण्यात घातली तर ती कलंडणार, एक म्हातारा वाहून जाणार. थांबली तर पोर गाडीतच जन्मणार आणि जगणार नाही. सगळे वाचतील असा तिसरा रस्ता त्याने पुष्कळ शोधला. पण तो लिहिला की पुन्हा सगळ्या वाटा यावललाच जात होत्या.

आबांनी प्रसंग ऐकला. बटणाला हात लावला नाही.

"केवढं पानी शे?"

"ते लिखेल नही, आबा."

"पानी माहीत नही, तं कसं ठरावू?"

दुसऱ्या दिवशी सुकदेवने तिसरं बटण वाढवलं. खाली उतरून बघायचं. आबांनी तेच आधी दाबलं. पाणी गुडघ्याच्या वर, फरशीचे पांढरे दगड दिसत नाहीत. मग त्यांनी दोन दाबलं. गाडी थांबली. पोराचं वाचताना सुकदेवचा आवाज अडखळला.

"पुरं वाच," आबा म्हणाले. त्याने वाचलं. आबांचे डोळे भरून आले, पण चेहरा कित्येक महिन्यांत दिसला नव्हता तसा ताठ होता. "गाडी मी थांबाडी," ते म्हणाले.

दिवाळीनंतर क्लास बंद पडला. सुकदेवला पुण्यात काम मिळालं, पण राहायला तिसऱ्या मजल्यावर चौघांत एक खोली. अभिमन, थोरला भाऊ, धुळ्याहून आला. दोघे भाऊ ओसरीत हळू आवाजात बोलले. अभिमनच्या घरी खालची खोली रिकामी करून झाली होती. जायचा दिवसही ठरला होता. अभिमन गेल्यावर सुकदेव आबांजवळ येऊन बसला.

"आबा, धुळ्याले जातस का आठेच ऱ्हातस?"

आबांनी त्याच्याकडे पाहिलं. "ऱ्हायनू तं काय व्हई?"

ती वाट सुकदेवने लिहिलीच नव्हती.

"मंग इचारू नको," आबा म्हणाले. आवाजात राग नव्हता.

रविवारी सकाळी अभिमन भाड्याची जीप घेऊन आला. जीपचा ड्रायव्हर वना आबांना अनोळखी होता. दोघा भावांनी आबांना खुर्चीसकट बाहेर आणलं. वनाने त्यांच्या पुढ्यात वाकून विचारलं, "बाबा, पुढं बसशात का मांगे?"

"पुढंच बसाडा," अभिमन म्हणाला. "जिंदगीभर ड्रायव्हर होते ते. रस्ता दिसेल."

वनाने त्याच्याकडे पाहिलं नाही. तो तसाच वाकून थांबला होता.

"मांगे," आबा म्हणाले.

वनाने मागचं फळकूट खाली पाडलं. आबांना बाकावर टेकवून बसवलं, शेजारी अभिमन चढला. जीप हलली तसा मागचा ताडपत्रीचा पडदा खाली घसरला. आबांनी डाव्या हाताने तो वर उचलला आणि तसाच धरून ठेवला. गल्ली वळेपर्यंत सुकदेवला त्यांचा चेहरा दिसत होता.