मंगळवार, दहाचा तास

मार्लीन फ्रीसनने मातीचे तीन डबे टेबलावर मांडले आणि वर्गाचं दार उघडंच ठेवलं. दहा वाजले होते. वरच्या मजल्यावर निवड समिती तिची वाट पाहत बसली होती.

मृदाशास्त्राची कायमची जागा विद्यापीठात नऊ वर्षांनी निघाली होती. मार्लीन तिथे तेरा वर्षं शिकवत होती, दर सहामाहीला नव्या करारावर. मुलाखतीचं पत्र हातात पडल्यावर ती थेट कार्यालयात गेली होती.

"ओक्साना, मंगळवारी दहाला माझा तास असतो."

विभागप्रमुख गार्थ लिंडालचं कार्यालय सांभाळणाऱ्या ओक्सानाने मान वर केली नाही. "गार्थला सांगितलं मी. म्हणाला, रद्द कर म्हणावं."

"माझा तास आहे हे त्याला माहीत नव्हतं?"

"बाई गं, तू इथे शिकवतेस याचीच आठवण त्याला दर सप्टेंबरात मी करून देते."

मार्लीनने त्याच दिवशी समितीला लिहिलं: वेळ बदलावी, नाहीतर वर्गात येऊन बसावं. उत्तर आलं नाही.

दहा वीसला गार्थ दारात उभा राहिला. मागे समितीतले दोघे.

"मार्लीन, आम्ही वर थांबलोय."

"मी कळवलं होतं. मागे खुर्च्या आहेत, बसा."

पस्तीस मुलं वळून बघत होती. गार्थ बसला. नदीच्या गाळाचा डबा फिरत त्याच्यापर्यंत आला, तेव्हा तो नुसताच हातात धरून राहिला.

"चिमूटभर घ्या, पाण्याचा थेंब टाका आणि बोटांत चोळा," शेजारची मुलगी कुजबुजली. "खरखर लागली तर रेती."

त्याने चोळलं. मार्लीनचा आवाज शेवटपर्यंत स्थिर होता.

जागा टोरांटोच्या एका तरुणाला मिळाली. तिला आलेलं पत्र दोन ओळींचं होतं.

मे महिन्यात गार्थचा फोन आला. "सप्टेंबरचे चारही वर्ग नेहमीसारखे तुझ्या नावावर टाकतोय."

"तीन वर्षांचा करार असेल तर टाक."

"तसा करार आपण कुणालाच देत नाही."

"मग वर्ग तू घे."

"मी?" तो थोडा हसला. ती हसली नाही. "हे बघ, नव्या माणसाला पहिलं वर्ष संशोधनासाठी मोकळं दिलंय. दुसरं कोण आहे माझ्याकडे?"

"तेच म्हणतेय मी."



"वर विचारून सांगतो," गार्थ म्हणाला.

"लवकर विचार. सोमवारी मला दुसरीकडे मुलाखत आहे."

तिने फोन ठेवला. सोमवारी तिला कुठेही मुलाखत नव्हती. संगणक उघडून तिने तेरा वर्षांत पहिल्यांदा दुसऱ्या विद्यापीठाच्या नावाने अर्ज लिहायला घेतला.