पळी आधी, टण मागून

पडद्यावरच्या बयामावशीने मोठी पळी उचलली आणि पातेल्याच्या काठावर आपटली. आवाज काही आला नाही. मग मावशीने पदराने नाक पुसलं, आणि नेमकं तेव्हाच खणखणीत 'टण' वाजलं.

दारात उभे असलेले शाळेचे शिपाई, हंबीरमामा, असे हसले की त्यांच्या हातातला किल्ल्यांचा जुडगा खाली पडला. "आयला! मावशीचं नाक लोखंडाचं हाय व्हय गं?"

शाळेच्या कॉम्प्युटरसमोर राजनंदिनीशेजारी बसलेला तिचा वर्गमित्र साद पण हसला. राजनंदिनीने मात्र व्हिडिओ थांबवला आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. पावणेदोन. तीन वाजता निरोपाचा कार्यक्रम होता.

उचगावच्या त्या शाळेत बयामावशी बावीस वर्षं पोरांची खिचडी रांधत होती. आज तिचा शेवटचा दिवस. कार्यक्रम झाला की रिक्षात बसून ती कागलला लेकीकडे जाणार होती, कायमची. "भाषणं ठोकून मला रडवायचं न्हाय," असं तिने आधीच बजावलं होतं. "रडायचंच आसलं तर मी कांदा चिरीन की." तेव्हा सातवीतली राजनंदिनी उठून उभी राहिली होती आणि म्हणाली होती, "मग आम्ही मावशीच्या सैपाकघराचं गाणं करतो."

आणि तिने ते केलंही होतं. सादने मोबाइलवर चित्रीकरण केलं. तांदूळ पाखडणारं सूप, तडतडणारी मोहरी, झाकणाची थरथर, पातेल्यावरची पळी, असे सगळे आवाज राजनंदिनीने वेगळे टिपले. शाळेच्या कॉम्प्युटरमध्ये गाणी रेकॉर्ड करायचं एक सॉफ्टवेअर होतं, त्यात एकेक आवाज तालात बसवला. चार मिनिटांचं गाणं झालं, आणि त्यात मोहरीचा ठेका तर असा जमला होता की ऐकताना मान आपोआप हलायची.

सॉफ्टवेअरमध्ये लावलं की सगळं जिथल्या तिथे होतं. पळी आपटली की टण. पण तेच गाणं आणि चित्र एकत्र करून बाहेर काढलं, म्हणजे एक्स्पोर्ट केलं, की चित्र पुढे आणि आवाज मागे. सकाळपासून पाच वेळा काढून झालं होतं. दर वेळी पंचवीस मिनिटं लागायची आणि दर वेळी मावशीचं नाक वाजायचं.

राजनंदिनीच्या मनात वेगळीच भीती होती. शाळेच्या व्हरांड्यात दर वर्षीचे सामूहिक फोटो लावलेले होते. तिने ते एकेक करून नीट बघितले होते. मावशी एकाही फोटोत नव्हती. फोटोवाला अकराला यायचा आणि अकराला मावशीची फोडणी चुलीवर असायची. आज पहिल्यांदाच सगळी शाळा मावशीला पडद्यावर बघणार होती. आणि हंबीरमामांसारखी सगळी पोरं फिदीफिदी हसली तर? मावशीला वाटायचं, जाताना माझी टिंगल करायला मला खुर्चीवर बसवलं. त्यापेक्षा न दाखवलेलं बरं. पण मग मावशी नुसतं साडी-नारळ घेऊन जाणार.

"मी आणखी एक गोष्ट बदलून बघतो," साद म्हणाला. इंटरनेटवर वाचून वाचून त्याने सकाळपासून बरंच काही बदललं होतं. एका सेकंदात किती चित्रं हे बदललं, फाइलचा प्रकार बदलला, रंगांचंही काहीतरी बदललं. त्यामुळे आता मावशी थोडी हिरवीही दिसत होती.

"नको," राजनंदिनी म्हणाली. "आधीच ती कारल्यासारखी दिसायला लागलीया."

इतक्यात व्हरांड्यात काहीतरी घासत आल्याचा आवाज झाला आणि एक मोठा स्पीकर दारातून आत आला. त्याच्यामागून अल्लाउद्दीन चाचा आले. चाचांनी चाळीस वर्षं उचगावात रेडिओ आणि टेपरेकॉर्डर दुरुस्त केले होते. आता दुकान बंद होतं, पण शर्टाच्या खिशातला स्क्रू-ड्रायव्हर तसाच होता, आणि शाळेत काही वाजवायचं असलं की चाचांनाच निरोप जायचा.

"का रं पोरांनो, तोंडं अशी का? कोण नापास झालंया?"

"हे मशीन झालंय," साद म्हणाला.

राजनंदिनीने सगळं सांगितलं. चाचांनी खुर्ची ओढली, पण कॉम्प्युटरसमोर नाही, जरा बाजूला.

"चाचा, तुम्ही बसा की इथं. माऊस घ्या."

"मला ह्यातलं काय कळतंय गं? टेप आसती तर उघडली आसती. तू बस, मी इचारतो." त्यांनी चष्मा पुसला. "साद, तू काय काय बदललंस?"

सादने बोटं मोजायला सुरुवात केली. सहाव्या बोटाला तो अडखळला.

"एकदम सहा खुंट्या पिळल्यास, तर सूर कुठल्या खुंटीनं लागला आन कुठल्या खुंटीनं बिघडला, कसं कळायचं? सगळं होतं तसं कर. आधी मावशीचा रंग परत दे तिला."

साद कुरकुरला, पण बसला आणि एकेक गोष्ट मागे घेत गेला. मावशी पुन्हा मावशीसारखी दिसायला लागली.

"आता आवाज मागनं येतोय म्हनतीस. किती मागनं?"

"लई मागनं."

"लई म्हंजे किती? मोज की. ही घे." चाचांनी मनगटावरचं घड्याळ सोडून तिच्या हातात दिलं. त्याचा सेकंदकाटा टिकटिक करत पळत होता.

राजनंदिनीने सकाळी काढलेली फाइल लावली. पळी पातेल्यावर आपटली. तिने काट्यावर नजर ठेवली. एक, दोन, तीन, टण.

"तीन सेकंद."

"आता मधलं बघ."

गाण्याच्या मध्यात झाकण पडत होतं. झाकण पडलं. एक, दोन, तीन, खण.

"हितं पण तीनच!"

"आन शेवटाला?"

शेवटी मावशी तोंडापाशी हात नेऊन ओरडत होती. मावशीचं तोंड मिटलं, तिने वळून पाठ केली, आणि मग पाठीतूनच हाक आल्यासारखं ऐकू आलं, "ताटं घ्या रं!" हंबीरमामा दारात पुन्हा खिंकाळले. राजनंदिनीने तिकडे लक्षच दिलं नाही.

"तीन. चाचा, सगळीकडं तीनच."

चाचांचे डोळे लुकलुकले. त्यांनी टेबलावरचे दोन खडू घेतले आणि शेजारी शेजारी ठेवले.

"ह्या दोन एस्ट्या. उचगावातनं कागलला निघाल्यात. एक जोरात पळती, एक हळू. दोघींतलं अंतर जाईल तसं काय हुईल?"

"वाढंल," साद म्हणाला.

"आन दोघी सारख्याच पळत आसतील, तरी एक मागंच ऱ्हात आसंल, तेवढीच मागं, कागलपातूर?"

राजनंदिनी खडूंकडे बघत राहिली. चाचांनी एक खडू थोडा मागे सरकवला आणि मग दोन्ही एकदम पुढे ढकलले. अंतर तेवढंच राहिलं.

"ती उशिरा सुटली!" ती म्हणाली. "वाटंत काय झालं न्हाय. स्टँडवरनंच उशिरा सुटली."

"मग तू वाटंत कशाला हुडकतीस?"

ती वळली आणि तिने सॉफ्टवेअरमध्ये गाणं पार सुरुवातीला नेलं. पडद्यावर ताल चौकोनी घरांत मांडलेला होता, एका घरात चार ठोके. पहिलं घर रिकामं होतं. सूप, मोहरी, पळी, सगळे आवाज दुसऱ्या घरापासून सुरू होत होते. व्हिडिओची पट्टीही दुसऱ्या घरापासून.

"हे पैलं घर मोकळं का सोडलंया?" चाचांनी विचारलं.

"मावशीमुळं," साद म्हणाला. "खिचडी झाली की ती पैली पळी कुणालाच देत न्हाय. कट्ट्यावर काढून ठेवती, चिमण्यांना. मग आमची ताटं."

"म्हणून आम्ही पण पैलं घर कुणालाच न्हाय दिलं," राजनंदिनी म्हणाली. "मावशीचं गाणं तर मावशीच्या रीतीनंच पायजे की."

"ब्येस केलंस," चाचा हळूच म्हणाले. "आता त्या घराला किती वेळ लागतो, काढ."

राजनंदिनीने वहीच्या मागच्या पानावर गणित मांडलं. मिनिटाला ऐंशी ठोके. चार ठोक्यांना किती? तिची पेन्सिल थांबली आणि ती खुर्चीवरून उठलीच.

"तीन! तीन सेकंद! चाचा, तीन सेकंद!"

"वरडू नगंस. मला सांग, सॉफ्टवेअरात वाजवताना बरुबर का वाजतं मग?"

तिने दोन्ही खडू परत हातात घेतले, ओळीत लावले, मोडले, पुन्हा लावले. साद काहीतरी बोलायला गेला तर चाचांनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"आत दोघं पण पैलं घर सोडूनच निघतात," ती सावकाश म्हणाली. "म्हणून जोडीनं जातात. पण बाहेर काढताना व्हिडिओ त्याचं स्वतःचं पैलं चित्र आसंल तिथनं सुटतो. त्याला रिकामं घर म्हायतीच न्हाय. आन आवाज पार पहिल्या घरापासनं सुटतो, मोकळं घर पण संगट घिऊन."

"मग आपण ते घर पुसून टाकू," साद म्हणाला.

"न्हाय पुसायचं. चिमण्यांचं हाय ते."

ती सॉफ्टवेअरच्या यादीत शोधायला लागली. एक्स्पोर्टच्या खिडकीत खाली एक चौकट होती, सुरुवात कुठल्या घरापासून. सकाळपासून पाच वेळा ती चौकट डोळ्यांसमोर होती आणि तिच्यात 'एक' असं लिहिलेलं होतं. राजनंदिनीने तिथे 'दोन' लिहिलं.

"आता सगळं चार मिनिटांचं काढू नगंस," चाचा म्हणाले. "दहा सेकंदाचा तुकडा काढ. चुकलं तर दहा सेकंदच चुकलं."

तुकडा मिनिटभरात निघाला. राजनंदिनीने तो लावला. हंबीरमामाही दारातून आत येऊन मागे उभे राहिले. मावशीने पळी उचलली. आपटली.

टण.

"लाव, लाव, परत लाव!" साद ओरडला. परत लावलं. टण. तिसऱ्यांदा लावलं तेव्हा हंबीरमामांनीच तोंडाने 'टण' केलं आणि त्यांचंही बरोबर पडलं.

पूर्ण व्हिडिओ निघायला पंचवीस मिनिटं लागणार होती. ती कॉम्प्युटरकडे टक लावून बसणार, एवढ्यात चाचा म्हणाले, "नजर लावून ते लौकर न्हाय निघायचं. चला, स्पीकर उचला." तिघांनी मिळून स्पीकर सभागृहात नेला, वायरी ओढल्या, पांढरी चादर ताणून बांधली. पावणेतीनला राजनंदिनी पळत जाऊन फाइल घेऊन आली.

तीन वाजता दोनशे पोरं सतरंजीवर बसली. पुढे एकच खुर्ची होती आणि तिच्या अगदी काठावर बयामावशी बसली होती, केव्हाही उठून जाता यावं अशी. दिवे मालवले. चादरीवर मावशी आली, आणि खुर्चीवरची मावशी म्हणाली, "आगं बया, ही मी?"

टण.

पोरं एकदम गप्प झाली. राजनंदिनीने मागे वळून पोरांकडे बघितलं. मग सूप घुमलं, मोहरी तडतडली, ठेका सुरू झाला, आणि मागच्या ओळीतल्या कुणीतरी मांडीवर ताल धरला. बघता बघता सगळं सभागृह मांड्या बडवायला लागलं. मिरच्यांची फोडणी पडद्यावर उसळली तेव्हा पहिलीतला एक पोरगा खरोखरच शिंकला. मावशीची पाठ हळूहळू खुर्चीला टेकली.

शेवटी पडद्यावरच्या मावशीने तोंडापाशी हात नेला आणि खणखणीत हाक दिली, "ताटं घ्या रं!"

आणि दोनशेच्या दोनशे पोरं उठून उभी राहिली. नेहमीच्या सवयीने. तासाभरापूर्वी पोटभर जेवलेली पोरं एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून रांगेत लागली, आणि रांगेत लागल्यावर एकमेकांकडे बघायला लागली.

सगळ्यात आधी बयामावशी हसली. पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली. "बसा रं मुडद्यांनो! जेवलासा न्हवं आत्ताच?" मग तिच्यामागून सगळी शाळा हसली, हेडबाई हसल्या, स्पीकरपाशी उभे असलेले चाचा चष्मा काढून हसले.

बाहेर रिक्षावाल्याने हॉर्न दिला.

"त्याला म्हणावं थांब वाईच," मावशी हंबीरमामांना म्हणाली. "न्हाय तर आसं करा, त्यालाच आत बोलवा." मग तिने राजनंदिनीचा हात धरून तिला खुर्चीशेजारी ओढलं. "परत लाव गं पोरी. मघाशी मी हसण्यात काय बी ऐकलं न्हाय."